मी गोळ्या फेकल्याची गोष्ट

"तुमीच ना? बोला की! तुमीच सांगितला ना त्याला, गोळ्या फेकून दिल्या म्हनून? आता का तोंड शिवला? एरवी तर थांबत नाय तुमचा तोंड!"

पालघरच्या सरकारी दवाखान्यात, गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला, ही बाई माझ्यावर अशी ओरडत होती की केसपेपरच्या रांगेतली शंभर माणसं आपापलं दुखणं विसरून वळली. शंभर नसतील, वीस असतील. पण वीस माणसं एकदम वळून बघतात तेव्हा ती शंभरच असतात.

मी मानसिक आजारांच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर, माझ्या ठरलेल्या बाकावर बसलो होतो. छातीवर 'सोबती' असा बिल्ला. सोबती म्हणजे डॉक्टर नव्हे की कंपाउंडर नव्हे. जो स्वतः या आजारातून गेलाय आणि आता नव्याने आलेल्यांच्या शेजारी बसतो, आपलं काय झालं ते सांगतो, तो सोबती. माझी पात्रता दांडगी होती. सांगलीकडून येऊन तारापूरच्या एका केमिकल कंपनीत बावीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली, आणि नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी डोकं असं उधळलं की बेटेगावच्या नाक्यावर उभा राहून अकरा तास ट्रकांना हात दाखवत होतो. गाड्यांची रांग पार गुजरातच्या हद्दीपर्यंत गेली, असं मी सांगतो. पोलीस सांगतात की अर्ध्या तासात मला जीपमध्ये घातलं. पोलिसांना रांगा मोजता येत नाहीत.

बाई दातिवऱ्याची होती. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, एक तिची आणि एक बहुतेक सासूची. तिचा नवरा आमच्या गुरुवारच्या गटात यायचा. पस्तिशीचा गडी, स्वतःची छोटी होडी, गेल्या वर्षी त्याला माझाच आजार जडला होता. उन्हाळ्यापासून गोळ्यांवर नीट चालला होता.

सिस्टर बाहेर आल्या. "काय झालं ते नीट सांगा," त्या म्हणाल्या.

"नीट काय सांगू? सहा दिस गोळी नाय. चार रात डोळ्याला डोळा नाय. होडीला रंग काय लावतो, गाना काय म्हनतो. आनि आज एकटा दर्यात चाललाय. दोन वाजता खाडी भरली का सुटनार. अजून नारळ नाय पडला दर्याला, बंदी हाय, समुद्र कसा उठलाय बघा जाऊन! त्याचा भाऊ आडवा गेला तर त्याला वल्ह्यानी हानला. कोनाचा ऐकत नाय. म्हनतो, काकांनी फेकल्या, काका ठणठणीत हायत, मीपन फेकल्या."

नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला दिल्याशिवाय त्यांच्याकडे कुणी होडी बाहेर काढत नाही. तिच्या गावाला तो अपशकुन वाटत होता. मला नुसतं दिसत होतं, पावसाळी समुद्रात एक छोटी होडी आणि तिच्यात चार रात्री न झोपलेला माणूस.

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही गोळ्या फेकल्या?"

"नाही हो."

"मग?"

"गोष्ट सांगितली."

ती गोष्ट अशी. तीन आठवड्यांपूर्वी गट भरला होता, आठ-दहा माणसं गोल बसलेली, सगळ्यांची तोंडं सुतकातल्यासारखी. तेवढ्यात ह्या पठ्ठ्याने विचारलं, "काका, तुमी अजून गोळ्या घेता?" साधा प्रश्न. हो म्हणायचं होतं. पण नऊ वर्षं झाली, छातीवर बिल्ला, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि मला एकदम लाज वाटली. एवढा बरा झालेला माणूस रात्री जेवल्यावर तीन गोळ्या मोजतो, हे सांगायला जीभ वळेना. म्हणून म्हणालो, "गोळ्या? अरे, त्या मी कधीच सूर्या नदीत ओतल्या, पुलावरनं! तेव्हापासून तिथले मासे रात्री दहाला झोपतात, सकाळी सहाला उठतात आणि आपसात भांडत नाहीत."

काय हशा पिकला! सगळ्यांत जास्त तोच हसला. हसणारच, जन्म माशांत गेलेला. आणि तिथेच मी फसलो. माशांचं खोटं आहे हे त्याला लगेच कळलं. गोळ्यांचं मात्र त्याने खरं धरलं. सोबत्याच्या प्रशिक्षणात आम्हाला एकच गोष्ट दहादा बजावली होती: स्वतःचं सांगा, खरं सांगा. मी पहिली अर्धी पाळत होतो.

"डॉक्टर चारपर्यंत आहेत," सिस्टर म्हणाल्या. "आणा त्याला, मी त्यांना सांगून ठेवते. आणि वाटेत नवीन गोष्ट रचू नका."

स्कूटर काढली. बाई मागे बसली आणि पालघर सोडल्यापासून दातिवरे येईपर्यंत माझ्या उजव्या कानात बोलत राहिली. डाव्या कानात वारा. केळव्याच्या पुढे ती थकली असं वाटलं, तर ती फक्त दम खात होती. "दोन पोरी हायत मना," ती म्हणाली. "तुमच्या गोष्टीपायी."   मी घड्याळ बघणं सोडलं, कारण प्रत्येक वळणावर त्यात दहा मिनिटं जास्त झालेली असायची.

खाडीवर पोचलो तेव्हा काठावर माणसं उभी होती, पण सगळी लांबून. त्याच्या भावाच्या कपाळाला फडकं बांधलेलं. होडी खाडीच्या मधल्या चिखलात कललेली, आणि चिखलाच्या पलीकडून पाणी सरकत येत होतं. आवाज नाही, घाई नाही. नुसतं येत होतं. होडीत तो उघडाबंब, हाताला निळा रंग, इंजिनावर वाकलेला.

"जाऊ नका पुढं," भाऊ म्हणाला. "हानील."

मी गेलो. शौर्याने नव्हे. बाई माझ्या पाठीला हात लावून उभी होती आणि मागे सरकायला जागाच नव्हती. पहिल्या पावलाला घोट्यापर्यंत, चौथ्याला गुडघ्यापर्यंत, पुढे मांडीपर्यंत रुतलो. एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली, दुसरी मीच देऊन टाकली. माझ्या देहाचं वजन सांगत नाही, पण होडीच्या कडेला लटकून आत पडलो तेव्हा होडी कण्हली.

त्याने वल्हं उचललं. मग ओळखलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"काका! आलात? मना वाटलाच होता तुमी येनार! चला, चला, आज तुमाला दाखवतो. सगळा पापलेट त्या खडकाच्या मागं बसलाय, कोनाला म्हायत नाय, मना रातीच समजला. गावाला पुरंल. दर घराला देनार. पुढल्या सालाला बारा होड्या करतो. तुमच्या नावाची एक!"

तो बोलत होता आणि मी त्याचे डोळे बघत होतो. ती चमक मला माहीत होती, आतून माहीत होती. सगळं जग आपल्यासाठी जुळून आलंय, अंगात थकवा नावाची गोष्ट उरलेली नाही, प्रत्येक माणूस आपला. कुणाला सांगू नये, पण त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला. आणि लगेच त्या हेव्याचीच भीती वाटली.

"बाळा," मी म्हणालो, "मी गोळ्या घेतो. रोज. दोन पांढऱ्या, एक गुलाबी. काल रात्री घेतल्या, आज घेणार. नदीचं खोटं होतं."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग मांडीवर थाप मारून हसला. "काका, भारी! ही नवी काढलीत?"

"नवी नाही. खरं आहे."

"डॉक्टरनी पाठवला तुमाला. तिनं रडून रडून पाठवला. मना समजत नाय काय?"

खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. तो म्हणाला, "ही पेशंट लोकांना दाखवायला ठेवता." मी माझे हात पुढे केले. माझी बोटं कायम थोडी थरथरतात, त्या पांढऱ्या गोळ्यांमुळे. पण गटात मी सांगून ठेवलं होतं की बावीस वर्षं कंपनीतल्या मोठ्या मशीनशेजारी उभं राहून तिचा कंप अंगात मुरलाय, दारावर हात ठेवला तर शेजारणीची भांडी वाजतात. तो हेच म्हणाला, "मशीनचा हाय तो, तुमीच सांगितलात." माझ्याकडे खरं असं जे जे होतं, त्यावर मी आधीच काहीतरी रंगवून ठेवलं होतं.

पाणी होडीच्या फळीला लागलं. आधी चाटल्यासारखं, मग थापडल्यासारखं. कललेली होडी हळूहळू सरळ व्हायला लागली. काठावरून बाई ओरडली, "काका, उठतेय होडी!" त्याने इंजिनाच्या दोरीला हात घातला.

"उतरा नायतर चला," तो म्हणाला. हसू गेलं होतं. वल्हं त्याच्या दुसऱ्या हातात होतं.

मी खाली बसलो. जाळ्याच्या ढिगावर. आणि मला एकही गंमत सुचली नाही. त्या क्षणाला मी आयुष्यभर घाबरत आलो होतो, असं आता लिहिताना वाटतं. 

"एकदा मी खरंच सोडल्या होत्या," मी म्हणालो. "पाच वर्षांपूर्वी. वीस दिवस. कुणाला सांगितलं नाही. मुलगी नऊ वर्षांची होती. तिला चिंचणीला समुद्र दाखवायला नेली आणि येताना स्कूटर पळवली. ती मागे ओरडत होती. मला वाटलं हसतेय. म्हणून अजून पळवली. बोईसर येईपर्यंत ती ओरडत होती."

"किती पळवली?"

"माहीत नाही."

"शंभर?"

"माहीत नाही, म्हटलं ना."

"पडली?"

"नाही. काही झालं नाही. घरी आल्यावर तिच्या आईने बघितलं, तिने माझा शर्ट पाठीमागे दातांत धरलेला होता, भोक पडलं होतं. ती अजून माझ्या मागे बसत नाही. क्लासला बसने जाते. मी विचारतो रोज, ती नको म्हणते."

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. तिच्यात वाढवण्यासारखं काही नाही.

 इंजिनाची दोरी त्याच्या हातात तशीच. होडी उठली आणि तिचं नाक खाडीच्या तोंडाकडे वळलं. दूर बाहेर लाटा फुटत होत्या, त्यांचा आवाज इथपर्यंत येत होता. मी दोन्ही हातांनी होडीची कड धरून बसलो होतो. त्याने समुद्राकडे बघितलं, कड धरलेल्या माझ्या हातांकडे बघितलं, परत समुद्राकडे. तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होता. मी जन्मात पहिल्यांदा एवढा वेळ गप्प बसलो, पाच मिनिटं असतील. पाच तास म्हणणार होतो.

मग त्याने वल्हं टाकलं, नांगर टाकला आणि कमरेएवढ्या पाण्यात उडी मारली. "या," म्हणाला. मी कडेवरून पाय खाली सोडला तर तळ लागेना, मी परत दोन्ही हातांनी कड पकडली. त्याने मला काखेत धरलं आणि चिखलातून, पाण्यातून, टोपलं ओढावं तसं काठाला आणलं. काठावर त्याचा भाऊ एक पाऊल मागे गेला. बायको गेली नाही. तिने त्याच्या दंडाला धरलं, तेही हलक्याने नव्हे.

भावाच्या मित्राची गाडी होती. पावणेचारला दवाखान्यात होतो. वाटभर तो बारा होड्यांबद्दल बोलत होता आणि वाटभर बायको "हां" म्हणत होती. डॉक्टर थांबले होते. त्याला दाखल करून घेतलं. नारळ पडला, होड्या गेल्या, पहिल्या फेऱ्या झाल्या, हा आधी दवाखान्यात, मग घरात. गोळ्या परत बसायला वेळ लागला, आणि चमक उतरल्यावर जो अंधार येतो तोही आला. तेव्हा मी जाऊन शेजारी बसायचो. बहुतेक वेळा आम्ही काहीच बोलायचो नाही. मला ते फार अवघड जायचं.

त्याला दाखल केल्यानंतरच्या गुरुवारी मी गटात उभा राहून सांगितलं की नदीचं खोटं होतं, मी रोज तीन गोळ्या घेतो, मशीनचंही खोटं होतं. दोघे जण हसले. त्यांना वाटलं, पुढे मासे येणार. सिस्टर दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बिल्ला असू दे. पण आता महिनाभर फक्त ऐका." महिना ऐकला. माझे कान आहेत हे मला तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर दातिवऱ्याला गेलो. तो होडीवर परत जायला लागला होता, भावाबरोबर. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, तो एकेक लटकवत होता. हात थोडे थरथरत होते. बायकोने चहा आणला. मला विचारल्याशिवाय राहवेना. मनात मी ते किती वेळा घोळवलं होतं: त्याला काय पटलं असेल, माझ्या मुलीची गोष्ट, की माझं खरं बोलणं, की मी गप्प बसलो ते? गटात सांगायला बरं पडलं असतं.

"त्या दिवशी," मी म्हणालो, "तू दोरी ओढली नाहीस. का रे?"

तो बोंबील लटकवत राहिला. हातातला संपला, तेव्हा म्हणाला, "तुमाला पोहता येत नाय."