खळीचा धडा

रविवारी धाराशिवला वर्ग असायचा. शहराचं नाव बदललं तरी बेंबळीच्या स्टँडवर माझ्या तोंडून ‘एक उस्मानाबाद’च निघायचं आणि कंडक्टरही काही न बोलता तिकीट द्यायचा. गावातल्या शाळेत मी ग्रंथपाल, पण अर्धवेळ. पूर्णवेळ व्हायचं तर ग्रंथालयशास्त्राची पदवी पाहिजे, म्हणून चाळिशी उलटल्यावर पुन्हा दप्तर उचललं. सासूबाई म्हणाल्या, “लेक कॉलेजात, माय बी कॉलेजात. आता भाकरी कुणी थापायच्या?” मी म्हटलं, “थापून ठेवल्यात. टोपलं उघडून बघा.” मी तशी फटकळच.

पण खरं सांगते, त्या पदवीची माझ्यापेक्षा जास्त ओढ दुसऱ्याच एका माणसाला होती. माझ्या आधी आमच्या शाळेत जे ग्रंथपाल होते, त्यांना. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. माझं माहेरही बेंबळीचंच; लहानपणी मी त्यांच्याच हातून पुस्तकं नेली आणि पुढं त्यांच्याच खुर्चीत बसले. निवृत्त झाल्यावर ते धाराशिवला मुलाकडं राहायला आले आणि काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. सगळा जन्म पुस्तकात घालवलेल्या माणसाचे डोळेच जावेत! देवाला काळीज आहे की नाही, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

त्यांना ही पदवी करायची होती. भावांची शिक्षणं, बहिणींची लग्नं, यात राहून गेली. म्हणून वर्ग सुटला की मी त्यांच्या घरी जायची. माझी चप्पल वाजली की ते बाजेवर ताठ बसायचे. “हं, आज काय शिकवलं?” मग मी सगळा वर्ग पुन्हा घ्यायची. पुस्तकांचं वर्गीकरण कसं करायचं, क्रमांक कसे द्यायचे, सूची कशी करायची. मी भराभर उरकायला लागले की दटावायचे, “नीट सांग. कुणी पाठीमागं लागलंय का तुझ्या?” त्यांची सून म्हणायची, “आठवडाभर भिंतीशी बोलल्यावानी बसतात. रविवारी बघा कशी कळी खुलती.”

मग तो धडा आला. पुस्तकांच्या जतनाचा.

सरांची एक गोष्ट सगळ्या बेंबळीला माहीत होती. शाळेकडं बांधणीला पैसे नसायचे, तेव्हा ते घरून पीठ आणायचे, स्टोव्हवर खळ शिजवायचे आणि फाटलेली पुस्तकं स्वतः शिवून, खळ लावून, पाठीला कापड चिकटवून बांधायचे. आम्ही पोरं भोवती बसायचो. खळीचा तो ऊन वास मला अजून आठवतो. कपाटंच्या कपाटं त्यांनी अशी उभी केली. डोळे गेल्यावर अभिमानानं सांगायला त्यांच्याकडं तेवढंच उरलं होतं. “माझी पुस्तकं मजबूत आहेत ना?” असं दर वेळी विचारायचे.

त्या रविवारी वर्गात शिकवलं, की पिठाच्या खळीला कसर, म्हणजे कागद खाणारी कीड लागते. ती आधी पाठीत शिरते, मग पानं खाते आणि शेजारच्या पुस्तकात जाते. आमच्या शाळेतल्या पुस्तकांना पाठीपाशी बारीक भोकं पडलेली मी बघत होते आणि ओलीला दोष देत होते.

मी सरांना सांगितलं, आज वर्गच झाला नाही. पुढच्या रविवारी थेट त्यानंतरचा धडा सुरू केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मधला धडा कुठं गेला? जतनाचा. धड्यांची यादी तूच वाचून दाखवलीस. बांधणीचं येतं त्यात. लई दिवस वाट बघायलोय त्याची.”

मी उगाच वहीची पानं चाळायला लागले.

“पोरी, आंधळा झालोय. खुळा न्हाय झालो.”

मग सांगितलं. सगळं, पुस्तकात होतं तसंच.

“आपल्या पुस्तकांना लागलीय का?”

“लागलीय, सर.”

“कुठं? पाठीला?”

“व्हय.”

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. सुनेनं आणलेला चहा तसाच थंड झाला. दारापर्यंत येऊन तिनं हळूच विचारलं, “काय सांगितलंत वो त्यांना?” काय सांगणार, कपाळ? एसटीत मी पदर तोंडात धरून रडले. कशाला शिकायला गेले मी, असं झालं होतं.

त्यानंतरच्या रविवारी माझं धाडसच झालं नाही. वर्ग सुटल्यावर सरळ स्टँड गाठलं आणि बेंबळीच्या गाडीत बसले. तेवढ्यात फोन आला. नंबर सुनेचा, आवाज सरांचा.

“वर्ग सुटून किती येळ झाला. कुठं हायस?”

“गाडीत, सर.”

“उतर.”

मी उतरले.

ते बाजेवर ताठ बसलेले होते. आठवड्यात चेहरा पार उतरला होता. म्हणाले, “मला कुणी शिकवलंच न्हाय गं. चुकलं. लई चुकलं. आता एवढं सांग, कसर लागलेलं पुस्तक वाचवता येतं का? लिहिलंय का तसं?”

“लिहिलंय. शिवण उसवून जुनी खळ सगळी काढायची. मग नव्यानं बांधायचं.”

“मग मुख्याध्यापकांना विचार, आन् चार पुस्तकं घेऊन ये.”

पुढच्या रविवारी मी घेऊन गेले, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. त्यांनी एक मांडीवर घेतलं. पाठीवरून अंगठा फिरवला, कापडाची कड बरोबर सापडली. मी म्हटलं, “सर, मी करते.”

“न्हाय. बांधली म्या, उसवतो बी म्याच.”

कड ओढली तसा भुसा त्यांच्या धोतरावर सांडला. बोटांनी चाचपून बघितला आणि म्हातारा माणूस माझ्यासमोर हुंदके देऊन रडला. मीही रडले. मग त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, दोरा सोडवायला नख लावलं आणि मान माझ्याकडं वळवली.

“हं, बोल. आज काय शिकवलं?”