ज्ञानोबांचा माठ आणि वांगी रंगाचा ड्रेस

परंड्याच्या बसस्टँडामागं प्रेमाबाईंचं ब्यूटी पार्लर आहे. त्या पार्लरात खिडकीपाशी एक कोपरा रिकामा होता आणि पौर्णिमाला तो हवा होता. आरशात स्वतःला बघत बसलेल्या बायकांच्या समोर शिलाई मशीन मांडायचं, यापरतं दुसरं भाग्य तिच्या मते परंडा तालुक्यात नव्हतं. बायका तिथं येणार, खूश होणार, आणि खूश झालेली बाई नवा कपडा शिवायला टाकतेच.

प्रेमाबाई भाड्यानं ड्रेसही द्यायच्या, त्यामुळं त्यांना शिलाईतलं कळत होतं. पौर्णिमा बचत गटाच्या वर्गात तीन महिने शिकली होती आणि एवढ्या शिदोरीवर गल्लीतल्या साड्यांना फॉल-पिको करत होती, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सरळ अट घातली. पंधरा दिवसांनी मैथिलीचं रिसेप्शन आहे, तिथं स्वतः शिवलेला पार्टीचा ड्रेस घालून ये.

"मी माझ्या बायकांना घेऊन तिसऱ्या रांगेत बसणार," त्या म्हणाल्या. "त्यांनी मान वळवून बघितलं, तर कोपरा तुझा. न्हाय बघितलं, तर फॉल-पिको कर आन सुखी रहा."

मैथिली ही विष्णुपंत गुरुजींची मुलगी, पौर्णिमाची शाळेपासूनची मैत्रीण. म्हणजे रिसेप्शनला जायचं तर होतंच. प्रश्न ड्रेसचा होता. तो पौर्णिमाला मोबाइलवर सापडला. एक गोरीपान बाई एकच घागरा घालून उभी होती. घागऱ्याच्या कमरेला पुढून दोन लांबच लांब पट्टे जोडलेले. ते पट्टे तिनं खांद्यावरून घेतले, पाठीवर फुली मारली, कमरेला वेढे दिले, की झाला एक ड्रेस. सोडले, पुन्हा वेगळे गुंडाळले, की दुसरा. पाच मिनिटांत तिनं सात ड्रेस करून दाखवले. आपल्याकडं एकच नट सात सोंगं घेऊन रात्र गाजवायचा, तसाच हा प्रकार. एका कापडात सात ड्रेस म्हटल्यावर पौर्णिमानं तिथंच नक्की केलं.

व्हिडिओतली बाई म्हणत होती, ताणलं की लांबणारं कापड घ्या. शहरात ते कापड महाग. पौर्णिमाकडं होते सहाशे रुपये. पण परंड्यात महांतप्पा मंडपवाले होते, आणि मंडपाची छतं, खुर्च्यांचे अभ्रे हल्ली असल्याच कापडाचे असतात. त्यांच्या गोदामात वांगी रंगाचा एक उरलेला तागा पडला होता, चांगला ऐसपैस पन्ह्याचा. महांतप्पांनी तो सहाशेला दिला, वर चहा पाजला. हे कापड मंडपाचं आहे हे कुणाला कळणार, असं पौर्णिमाला वाटलं. महांतप्पांनाही वाटलं असेल. त्या दोघांनी पुढचा विचार केला नाही, एवढंच.

घरी तिनं कापडाची चौघडी घातली, कोपऱ्यात कमरेचं गोल भोक आखलं आणि कात्री चालवली. चौघडीवर कमरेचा पाव भाग आखायचा असतो. पौर्णिमानं अख्खी कंबर आखली. घडी उलगडली तेव्हा त्या भोकात ती स्वतः मावली, तिची आई केशरबाई मावली, आणि दाराशी बांधलेली शेळी मावायला जागा उरली.

केशरबाई त्या भोकात उभ्या राहून म्हणाल्या, "ड्रेस न्हाय गं हा. ही तर विहीर खणलीस तू."

पौर्णिमा रडकुंडीला आली. कापड दुसरं आणायला पैसे नव्हते. शेवटी केशरबाईंनीच तोड काढली. परकराला असतो तसा नेफा घाल आन नाडी ओव, म्हणाल्या. माझी कंबर चाळीस वर्षं नाडीवरच टिकलीय. पार्टीच्या ड्रेसला परकराची नाडी म्हणजे पौर्णिमाला राजकन्येच्या पायात स्लिपर दिसल्यासारखं वाटलं. पण तिनं नेफा घातला, नाडी ओवली, आणि हे मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी आईला शपथ घातली.

घागरा झाला, पट्टे जोडले, आणि मग कळलं की ते गुंडाळणं हीच खरी विद्या आहे. मायलेकी दोन दिवस झटल्या. एकदा पट्टे गळ्याला फास लावायचे, एकदा कमरेवरून सुटून पायात यायचे. पौर्णिमाचे वडील ज्ञानोबा ओट्यावर बसून हे ऐकत होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा माणूस. पण परंड्यात त्यांचं नाव होतं ते फेट्यासाठी. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दोन-दोनशे डोक्यांवर निळे फेटे तेच चढवायचे, आणि गावातल्या कुठल्याही घरचं लग्न असो, फेटे बांधायला ज्ञानोबाच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीच्या हातातला मोबाइल घेतला, व्हिडिओ दोनदा बघितला आणि चष्मा काढला.

"ह्यो तर फेटाच हाय," ते म्हणाले. "बाईनं डोक्याऐवजी खांद्यावर बांधलाय, एवढंच."

आता मोठ्या मुलीला बापानं ड्रेस गुंडाळायचा, हे काही बरं दिसेना. ज्ञानोबांनी युक्ती केली. पाण्याचा रिकामा माठ ओट्यावर आणला. माठाला गळा असतो, खांदे असतात, पोट असतं. बाहेर ज्ञानोबा जुना फेटा माठाला बांधायचे आणि मोठ्यानं सांगायचे: डावा पट्टा वर, पीळ द्या, मागनं फुली, आता कमरेला तीन वेढे. आत केशरबाई त्याच कापडाच्या लांब बाह्यांच्या ब्लाऊजवरून तेच मुलीला बांधायच्या. शेजारचे बब्रुवान सकाळी पेपर मागायला आले आणि नटलेला माठ बघून उभेच राहिले. नवरी ठीक हाय, पण नवरदेव रांजण हाय का घागर, असं त्यांनी विचारलं. ज्ञानोबांनी त्यांना पेपर दिला आणि गाठ आवळली.

रिसेप्शनच्या संध्याकाळी पौर्णिमा निघाली तेव्हा ड्रेस अंगावर असा बसला होता, की केशरबाईंनी दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली.

कार्यालयात पाय ठेवला आणि पौर्णिमा दारातच थबकली. मंडप महांतप्पांचा होता. स्टेजच्या मागं, छतापासून जमिनीपर्यंत, चुण्या घालून सोडलेला पडदा वांगी रंगाचा. खुर्च्यांचे अभ्रे वांगी. खांबांना गुंडाळलेले पट्टे वांगी. सगळी त्याच ताग्याची भावंडं.

तिसऱ्या रांगेत प्रेमाबाई सहा बायकांना घेऊन बसल्या होत्या. पौर्णिमा त्यांच्या शेजारून गेली. एकीनंही मान वळवली नाही. स्टेजवर ती भेटवस्तू घेऊन मैथिलीच्या बाजूला उभी राहिली तर फोटोग्राफर म्हणाला, ताई, जरा पुढं या, तुम्ही दिसत न्हाय. तेवढ्यात हॉलमधल्या मोठ्या स्क्रीनवर फोटो झळकला. नवरा होता, नवरी होती, आणि त्यांच्या शेजारी हवेत एक चेहरा आणि डबा धरलेले दोन हात. मुलं खिदळली. प्रेमाबाई शेजारणीला विचारत होत्या, पौर्णिमा आली न्हाय वाटतं.

पौर्णिमा थेट नवरीच्या खोलीत जाऊन बसली. कोपरा गेला, हे तिला कळलं होतं. मागोमाग केशरबाई आल्या. दाराबाहेर ज्ञानोबा उभे राहिले. सगळ्या पाहुण्यांचे फेटे बांधून त्यांच्या हातात एक उरला होता. हळदी रंगाचा, जरीकाठी. तो नवरदेवाच्या मामांचा. मामांना सकाळी पंगतीत आग्रह कमी झाला होता, म्हणून ते फेटा न बांधताच पहिल्या रांगेत तोंड फिरवून बसले होते.

ज्ञानोबांनी फेटा दाराच्या फटीतून आत सरकवला. "माठ आठवा," एवढंच ते म्हणाले.

केशरबाईंनी आठवला. वांगी पट्टे आत घेतले, वर हळदी फेट्याची फुली, कमरेला तीन वेढे, आणि जरीचा शेमला डाव्या खांद्यावरून सोडला. दहा मिनिटांनी पौर्णिमा बाहेर आली. पडदा होता तिथंच होता, पण आता तो तिच्या मागं होता.

आणि पहिल्या रांगेतून मामा उठले. "ह्यो माझा फेटा हाय," ते अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल असं म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. तिसऱ्या रांगेतल्या सहाही.

पौर्णिमा जागच्या जागी उभी राहिली. ज्ञानोबा पुढं झाले, त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवला, झटकला, आणि मामांच्या डोक्यावर चढवू लागले. इतक्या मानानं त्या दिवशी मामांना कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या वेढ्याला त्यांचा रुसवा गेला, तुऱ्याला ते हसले.

प्रेमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पौर्णिमाला बाजूला घेतलं. माना मामांमुळं वळल्या, ते काही मी धरणार न्हाय, म्हणाल्या, आणि ड्रेस बघू लागल्या. शिवण बघितली, दुमड बघितली. जाणत्या हातानं कमरेचे वेढे जरा वर सारले आणि त्यांच्या बोटाला नाडी लागली. त्यांनी ती ओढून बघितली, सैल केली, पुन्हा ओढली.

"ही कुणाची अक्कल?" त्यांनी विचारलं.

पौर्णिमानं खाली बघून सगळं सांगितलं. चौघडी, चुकलेलं माप, विहीर, शेळीसुद्धा. आई शपथेला जागून गप्प होती. फोडलं ते पौर्णिमानंच.

प्रेमाबाई बराच वेळ नाडीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांच्याकडं भाड्यानं ड्रेस न्यायला येणारी एक बाई अठ्ठावीस इंच कमरेची, तर दुसरी अठ्ठेचाळीसची. दर लग्नसराईत शिवण उसवायची, पुन्हा घालायची.

"असलेच चार शिव," शेवटी त्या म्हणाल्या. "चुकून शिवलास तसाच शिव, नीट शिवू नको. रंग मात्र महांतप्पाला विचारून घे."

सोमवारी सकाळी पौर्णिमा मशीन घेऊन पार्लरात आली. मागून ज्ञानोबा आले, खांद्यावर माठ.

प्रेमाबाई म्हणाल्या, पाण्याची सोय हाय की आमच्याकडं.

ज्ञानोबांनी माठ खिडकीपाशी नीट बसवला आणि खिशातून फेटा काढला. "पाण्याचा न्हाय," ते म्हणाले. "शिकवायचा हाय."