किनुएचं लायसन

मुलगा आपणहून रविवारी दारात गाडी लावतो, सून पहाटे उठून डबा करते आणि वर म्हणतात, आई, आज तू नुसतं बसायचं. असं झालं की कुठंतरी पाणी मुरतंय हे ओळखायला किनुएला कुणा ज्योतिषाकडं जावं लागत नव्हतं.

शेजारच्या कुराताचं काय झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पोरांनी त्याला गरम पाण्याच्या कुंडावर नेलं, पोटभर खेकडा चारला आणि येताना गाडी थांबवली ती थेट पोलीस ठाण्यापुढं. म्हातारा गाडीचं लायसन जमा करून घरी आला, तो अजून अंगणातच बसलेला असतो. किनुए काही कुराता नव्हती.

जपानातल्या वाकायामाच्या किनाऱ्यावर तिचा जन्म गेला. नवरा वारल्यापासून पांढरा छोटा टेम्पो घेऊन ती डोंगरातल्या वाड्यांवर मासे विकते. वर आता ना दुकान, ना बस. राहिल्यात फक्त म्हाताऱ्या. भोंगा वाजला की काठ्या टेकत उतरतात, मासे घेतात थोडे आणि गप्पा मारतात ढीगभर. शेवटच्या वाडीवरची सादायो तर तिची जिवाची मैत्रीण. गेल्या महिन्यात सादायोच्या घराखालच्या वळणावरच टेम्पोचं चाक रस्ता सोडून गेलं आणि टेम्पो दरीकडं कलला, पत्र्याला पोचाही पडला. दोघींनी फळ्या घालून तो कसाबसा वर घेतला. बघणारं दुसरं कुणी नव्हतं. किनुएनं सादायोला शपथ घातली आणि तोंड बंद राहावं म्हणून दोन चांगले जाड बांगडे फुकट दिले.

मग आज ही ओसाकाची सहल आणि वारेमाप माया कशासाठी?

ओसाकाच्या मत्स्यालयात माणसांचा नुसता पूर लोटला होता. सून मिहारु हात धरून म्हणाली, की अंधार आहे, पायरी दिसतेय ना? बघा, डोळे तपासतेय ही! किनुएनं हात सोडवून घेतला आणि सुनेच्या ब्लाउजची एक गुंडी चुकीच्या काजात गेलीय, तीसुद्धा दिसतेय म्हणून सांगितलं. मुलगा शुन्जी घसा खाकरायला लागला की ही पुढच्या टाकीकडं. तो पेंग्विनपाशी खाकरला, ही कासवांपाशी. तो कासवांपाशी आला, तर ही तारलीच्या थव्यापुढं उभी राहून आजूबाजूच्या बायकांना त्या कशा शिजवाव्यात ते सांगत होती, आणि बायकाही मान डोलावत होत्या.

डबा उघडला तर अंड्याची गुंडाळी बिनसाखरेची, अगदी तिला आवडते तशी. लग्नाला दहा वर्षं होत आली, मिहारुच्या हातून साखर कधी सुटली नव्हती. बोकडाला कापायच्या आधी पाला घालतात तो असा, किनुएच्या मनात आलं, आणि तिनं डबा बाजूला सारला. हीच ती. हिनंच टेम्पोच्या पत्र्यावरचा पोचा पाहिला असणार आणि नवऱ्याचे कान भरले असणार.

तिनं नातीला, कोतोनेला, बाजूला घेतलं. हातावर गोळी ठेवून हळूच विचारलं, की बाबा घरी काय बोलत होते? पोर भाबडी. म्हणाली, "बाबा म्हणाले, आज आजी ओरडली तरी कुणी उलट बोलायचं नाही."

झालं. म्हणजे ठरवूनच आणलंय.

शेवटी मोठ्या टाकीपुढच्या बाकावर शुन्जीनं तिला गाठलंच. काचेपलीकडं अंगभर ठिपक्यांची अजस्र मुशी संथ फिरत होती. मिहारु पोरीला घेऊन लांब उभी राहिली.

"आई, लायसनचं बोलायचंय."

"वाटलंच. बायकोनं पढवलं ना?"

"तिचा काही संबंध नाही. सादायोमावशीचा फोन आला होता."

किनुएला आधी खरंच वाटेना. मग संतापाचा भडका उडाला. माझेच बांगडे खाऊन! शपथ घेऊन! अरे, मी आले नाही तर ही काय खाणार? साऱ्या डोंगरात सगळ्यात जास्त अडणार ते हिचंच, आणि हिनंच पायावर धोंडा मारून घ्यावा? हे सगळं ती मोठ्यानं बोलली. माणसं वळून बघायला लागली.

शुन्जीनं तिला बोलू दिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "रडत होती गं. म्हणाली, मला पत्र्याच्या डब्यातले मासे चालतील. पण तुझ्या आईला टेम्पो घेऊन वर येऊ देऊ नकोस. तिच्या खिडकीतून ते वळण दिसतं. तू यायच्या दिवशी ती पहाटेपासून तिथं बसते, आणि टेम्पो वळून वर येईस्तोवर तिचा श्वास मोकळा होत नाही."

किनुएनं लांब उभ्या मिहारुकडं पाहिलं. मिहारुवर दिवसभर घेतलेला संशय आठवून तिला लाज वाटली, पण ते आता कुठं बोलणार? मग तिनं शुन्जीचा फोन मागितला. खडसावायचं म्हणूनच मागितला होता. पलीकडून सादायोचा बारीक आवाज आला, कोण म्हणून.

"मी आहे. डब्यातले मासे खाणार म्हणे."

पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"कुणीतरी चालवणारा बघते. मी शेजारी बसून येईन, नाहीतर तो तुला शिळं देईल. आता ती खिडकी लाव, सादायो. मी नाही चालवत."