मेहकरच्या बांधावरची येळवस

गंगाक्का, भालकीजवळच्या मेहकरला दिलेली माझी थोरली बहीण, फोनवर फार बोलत नाही. मार्गशीर्षात तिचा फोन आला तोही एवढाच. "तम्मा, येळवसला ये. शेत बघून जा."

आमच्या बीदर जिल्ह्यात मराठी घरांतही धाकट्या भावाला कानडीतलं 'तम्मा' चिकटतं आणि मरेपर्यंत सुटत नाही. मी बहात्तर वर्षांचा तम्मा आहे. येळवस म्हणजे वेळा अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे गावंच्या गावं रानात जाऊन जेवतात.

"शेत बघून जा" हे मात्र साधं आमंत्रण नव्हतं. भाद्रपदात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि मी पलंगावर पडून होतो, तेव्हा भाचा शिवराजचा फोन आला होता. "मामा, ओढ्याकडचा बांध काढून टाकावं म्हणायलोय. झाडंझुडपं लई माजल्यात. जेसीबी लावला तर चार गुंठे रान निघतंय. तुमी काय म्हणताव?" दाजी गेल्यापासून त्या घरात मामाचा शब्द शेवटचा. मला धाप लागत होती, जगाचा कंटाळा आला होता. "काढ की. काळ बदललाय," म्हणालो आणि गोळी घेऊन भिंतीकडे तोंड केलं. येळवस झाली की दुसऱ्याच दिवशी जेसीबी येणार, हे मला पुढे कळलं. अक्काला तो बांध हवा होता, पण भावानं दिलेला शब्द ती कशी मोडणार? ती गप्प राहिली आणि मला बोलावलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, डॉक्टर चाला म्हणतात तर तुम्ही फाटकापर्यंत जात नाही. आणि मेहकरला निघालात?"

त्याचं खरं होतं. शस्त्रक्रियेनंतर माझी चाल गॅलरी ते स्वयंपाकघर एवढीच उरली होती. अमक्या पावलाला छाती बंद पडेल अशी भीती बसली होती, आणि भीतीला औषधाच्या दुकानात काही मिळत नाही. तरी निघालो. दिवसातून दोनदा फोन करायचा, या अटीवर.

पुण्याहून थेट जाण्याची घाई माझ्या वयाच्या माणसानं करू नये. मी लातूरला मुक्काम केला, सकाळी उदगीर गाठलं, तिथं स्टँडवर गरम भजी आणि डॉक्टरांना न सांगण्याजोगा गोड चहा घेतला आणि भालकीची बस धरली. रेल्वेही आहे, पण बसच्या खिडकीतून तुरीचं रान जवळून दिसतं. मध्येच कुठेतरी पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, तेव्हा समजायचं की राज्य बदललं. माती तीच काळी, ज्वारी तीच निसवलेली, आणि माणसं एका वाक्यात तीन भाषा बोलतात.

भालकीहून मेहकरला जाणारी बस बायकांनी गच्च भरली होती. कर्नाटकात बायकांना बसचा प्रवास फुकट आहे. एका अक्कांनी उठून मला जागा दिली. मी नको नको म्हणत होतो.

"बसा वो अप्पा," त्या म्हणाल्या. "तिकीट तुमीच काढलाव."

सगळी बस हसली. कंडक्टर म्हणाला, "उद्या यायला पायजे होतं तुमी. उद्या गाडी मोकळीच धावती, सगळे रानात." वाचकांनी हे लक्षात ठेवावं. त्या दिवशी गावातली हॉटेलं बंद असतात. पण उपाशी राहाल अशी काळजी करू नका. कुठल्याही शेताच्या कडेला जरा रेंगाळा, हात धरून जेवायला बसवतात. तिकडे आळंद, खजुरीच्या बाजूलाही हीच रीत.

घरी पोचलो तर चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं आणि शिवराजची बायको महादेवी शेंगा निवडत होती. अक्कानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"वाळलास. आंबील चालती का इचारून आलास न्हवं डाक्टरला?"

"इचारलो न्हाई."

"बरं केलास."

बांधाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. शिवराज मात्र खुशीत होता. मला मोबाईलमध्ये ट्रॅक्टरचं नवं अवजार दाखवत होता. बांध गेला की ते कसं सरळ वळेल, हे त्यानं खाटेवर बोटानं रेघा मारून समजावलं. पोरगं वाईट नाही. सहा एकरांत घर चालवतो.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीत बसून रानात. ज्वारीच्या ताटांची कोपी उभी केली होती, तिच्यात चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव. समोर नैवेद्य. आणि काय तो नैवेद्य. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे ताकातल्या बेसनात शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या, गव्हाची खीर, धपाटे आणि मातीच्या नव्या मडक्यात आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ, ताक, लसूण. पहिल्या घोटाला शहरातल्या माणसाचा चेहरा वाकडा होतो, तिसऱ्याला तो वाटी पुढे करतो.

जेवणाआधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं आंबील शिंपडत शेताला फेरा घालायचा असतो. मागून एकजण मडकं घेऊन चालतो आणि दोघं मिळून ओरडत जातात, "ओलगे ओलगे, सालम पलगे." याचा नेमका अर्थ मला आजवर कुणी सांगितलेला नाही, आणि मीही विचारलेला नाही.

"दाजी फिरायचे," अक्का म्हणाली आणि कडुलिंबाचा डहाळा माझ्या हातात दिला. "गेल्या सालाला ह्यो मोटरसायकलवरनं फिरून आला. पिकाला वाटलं आसंल, पोलीस आले."

"आई, टाइम न्हवता," शिवराज पुटपुटला.

सहा एकरांचा फेरा. मी मनात हिशोब केला तर गॅलरी ते स्वयंपाकघर अशा किती खेपा होतात, ते पुढे मोजवेना. पण अक्का बघत होती, शेजारच्या शेतातले कल्लप्पा जेवायला येऊन बसले होते, आणि महादेवी मडकं उचलून तयार होती. निघालो.

भालकीच्या शाळेत आम्हांला एक गुरुजी होते. कविता शिकवताना ते आधी अर्थ सांगत नसत. आधी वृत्त. बाकावर तळहात आपटत सगळा वर्ग म्हणायचा, लगागा लगागा लगागा लगागा. भुजंगप्रयात, म्हणजे सापाची चाल. ते त्या दिवशी कामाला आलं. एक पाऊल आखूड, दोन लांब. लगागा. डहाळा बुडवायचा, शिंपडायचा, लगागा. ज्वारी डोक्यावरून वर होती, तिच्या कणसांवर भोरड्या पाखरांचा थवा काळ्या-गुलाबी पदरासारखा उठायचा आणि पुन्हा बसायचा. पहिली बाजू पार पडली. आवाजही फुटला.

दुसऱ्या बाजूला ऊन होतं. सावली म्हणून काडीची नाही. अर्ध्यावर माझं वृत्त मोडलं. छातीच्या हाडात ओढ लागली, कानशिलं धडधडू लागली. इथंच, मला वाटलं. ज्याला चार महिने भीत होतो ते इथंच, हरभऱ्याच्या तासात.

"मामा, बांध आला बघा," महादेवी मागून म्हणाली. "दहा पावलं."

दहा पावलं मी कशी टाकली ते त्या बोरीलाच ठाऊक. तिच्या खाली टेकलो. गारवा आला, ओढ्याकडून ओल्या गवताचा वास आला. बोर, बाभळी, दोन लिंब, एक आपटा, खाली कमरेएवढं गवत. हाच तो बांध. बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत होती, रिकामी, वाऱ्यावर हलणारी. महादेवीनं मडकं खाली ठेवलं आणि गवतात पडलेलं एक बोर पुसून मला दिलं. आंबट होतं. मी बीसुद्धा बराच वेळ तोंडात ठेवली.

झाडावरून एक पाखरू खाली हरभऱ्यात उतरलं, काहीतरी टिपून परत फांदीवर. मग दुसरं. मग पहिलंच पुन्हा.

"आळ्या खायलेत," महादेवी म्हणाली. "घाटेआळी. बांधाकडच्या दहा तासांना, ह्या दहा वळींना, औंदा फवारा मारलाच न्हाई मी. तिकडं उन्हाकडच्या बाजूला तीनदा मारावं लागलं."

"शिवराजला माहीत आहे?"

ती नुसती हसली.

ओढ्यापलीकडे एक काळवीट मान वळवून आमच्याकडे बघत उभं होतं. पुढच्या क्षणी उड्या मारत दिसेनासं झालं. मी छातीवर हात ठेवला. आतलं सगळं आपल्या तालात चाललं होतं, आणि ते कधी तालावर आलं हे मला कळलंही नव्हतं. बांधाच्या सावलीसावलीनं उरलेला फेरा पुरा केला. शेवटी इतक्या मोठ्यानं ओरडलो की कल्लप्पांनी टोपी सावरली.

पत्रावळी मांडल्या. शिवराज नारळ घेऊन आला. "मामा, उद्या जेसीबी यायलाय. नारळ तुमच्या हातनं फोडू."

अक्का भज्जी वाढत होती, तिचा हात थांबला नाही.

"शिवराज," मी म्हणालो, "बांध काढू नकोस."

"आँ? तुमीच तर व्हय म्हणलाव."

"म्हणलो. पलंगावर पडून म्हणलो. पलंगावरनं बांध दिसत न्हाई."

"पावणे," कल्लप्पा म्हणाले, "मामाचा शब्द म्हंजी शब्द आसतो. असा वापस घेत्यात व्हय?"

"घेत नाहीत. मी घ्यायलोय. लाज वाटायलीय, पण घ्यायलोय."

शिवराजचा चेहरा उतरला. "चार महिने आईला काय सांगलो मी? मामा म्हणलेत म्हणून. आन ट्रॅक्टर वळवायचा कुटं? त्या झाडाखाली हरभरा खुरटतो ते दिसलं न्हाई का तुमाला?" त्याचं चुकीचं नव्हतं. बोरीखालचा हरभरा खरंच वीतभरच होता. बोलली महादेवी, पदर सावरून, कल्लप्पांसमोर. दहा तासांचं, फवाऱ्याचं, पाखरांचं सगळं सांगितलं.

"मला कामून सांगितली न्हाईस?"

"तुमी इचारलाव कवा? तुमी मामाला इचारलाव."

आधी कल्लप्पा हसले, मग अक्का, मग मी. शेवटी शिवराजच्याही खांद्यांना हसू फुटलं.

"बरं, जेसीबीवाल्याला काय सांगू? तो तर यायलाय."

"येऊ दे," अक्का म्हणाली. जणू चार महिने तिनं हे वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. "ओढ्यातला डोह गाळानं भरलाय. त्यो उपसा. गाळ टाका उन्हाकडच्या बाजूला. आता जेवा, भज्जी निवायलीय."

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. जेसीबी बांधाला वळसा घालून ओढ्यात उतरला. शिवराज स्वतः पुढे उभा राहून ओरडत होता, "झाडाला लागंल, जरा सरकून घे." काळा कुळकुळीत गाळ निघाला. दुपारी डोहाच्या तळाला पाणी पाझरायला लागलं, तेव्हा त्यानं मला हाताला धरून दाखवायला नेलं.

मी आणखी चार दिवस राहिलो. रोज सकाळी एकटा बांधापर्यंत जायचो. काठी आणि टोपी घ्यावी, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, कारण गवताची कुसळं सोडत नाहीत. एक दिवस अक्काला घेऊन बीदरला गेलो. नौबादला जमिनीखालून पाणी आणणारी जुनी सुरंग बावी आहे, ती पाहण्यासारखी. स्टँडवरून रिक्षा मिळते, दर आधी ठरवा. अक्का वाकून त्या अंधाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाली, "जपलं की ऱ्हातंय की रे." मग लगेच म्हणाली, "चल, मला भूक लागलीय."

पुण्याला आलो. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख पाहिला, काय केलंत विचारलं. भुजंगप्रयात म्हणालो तर त्यांनी ते औषधाचं नाव समजून लिहून घ्यायला पेन उचललं.

काय राहिलं? शिवराजचा आठवड्याला एक फोटो येतो, डोहाचा. महादेवीनं हरभऱ्यात काठ्या रोवल्यात, पाखरांना बसायला, उन्हाकडच्या बाजूला. चार गुंठे निघाले नाहीत, त्याची चुटपुट शिवराजला अजून आहे, आणि ती असणारच.

परवा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले. गाड्यांसाठी जागा करायची, एक झाड तोडायचं, सगळ्यांच्या सह्या झाल्यात, तुमची तेवढी राहिली.

"कुठलं झाड?"

"मागचं, जांभळाचं. तुम्हाला इथून दिसणार नाही काका."

"मग चला," म्हणालो, आणि पायांनी चपला शोधू लागलो.