आधी डॉक्टरीणबाईंचं तोंड

गल्लीच्या टोकाचा दातांचा दवाखाना चालवतात नणंद-भावजय. नणंद अबोल. भावजयीचा हात चांगला चालतो, पण जीभ हाताच्या चार पावलं पुढे. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबायचा आणि मग त्याला खुशाली विचारायची, ही तिची हौस. गल्ली तिला ‘वहिनी’ म्हणते. घाईत असला की नवरासुद्धा.

बुधवारी दुपारी मनाच्या आजाराचे पेशंट येतात. त्यांच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, दात किडतात आणि बरेच दंतवैद्य त्यांना पाहून आतून कडी लावतात. वहिनी दार सताड उघडं ठेवतात. शिवाय पेशंट बिचकला, की आधी स्वतः खुर्चीत आडव्या होतात, आरसा त्याच्या हाती देतात आणि आ वासतात. आधी त्याने तपासायचं, मग त्यांनी.

त्या बुधवारी शिंपीकाका आले ते गालाचा भोपळा घेऊन. दाढेत पू, अंगात ताप. दाढ आजच निघाली नाही, तर मोठ्या रुग्णालयात बेशुद्ध करून काढावी लागणार होती आणि त्या रुग्णालयाच्या नुसत्या नावाने काका थरथरत होते. पण इथेही खुर्चीत बसेनात.

“तुम्ही दाढेत यंत्र बसवाल. माझ्या मनातलं सगळ्यांना ऐकू जाईल.”

“अहो, तुमच्या मनातलं इतक्या वर्षांत मला ऐकू आलं नाही,” सोबत आलेल्या काकू म्हणाल्या, “यांना कुठलं येतंय!”

वहिनी हसल्या नाहीत. “काही बसवणार नाही, काका. आधी मला तपासा.” आणि पसरल्या खुर्चीत.

काकांनी चष्मा सावरला. वरची रांग पाहिली, खालची पाहिली आणि थबकले.

“ही मागची किडलीय.”

“बघू!” नणंद उठून आली. “वहिनी, कधीपासून?”

वहिनी कित्येक महिने एकाच बाजूने चावत होत्या. जगाला सुया टोचणारी बाई, पण स्वतःवर सुई आली की पाचावर धारण.

“आधी यांची,” काका म्हणाले, “मग माझी.”

नणंदेने सुई भरलीसुद्धा.

“अगं, पुढच्या आठवड्यात बघू...”

“वहिनी, आ करा.” इतक्या वर्षांत नणंदेचा आवाज एवढा गोड कधी लागला नव्हता.

वहिनींनी काकांचा हात आवळला. डोळ्यांतून घळाघळा धारा.

“झालंच हं,” काका पुटपुटले. “मी बघतोय ना. अहो, हे काय भरताय?”

“सिमेंट.”

“दाखवा.” काकांनी ते चिमटीत चोळून पाहिलं. “चालेल.”

मग काका आपण होऊन खुर्चीत बसले. वहिनींचा जबडा बधिर, शब्द फुटेना. सगळं काम खुणांवर झालं. दाढ निघाली. काकांनी ती दिव्यासमोर धरून चहूबाजूंनी पाहिली आणि मुकाट्याने काकूंच्या तळहातावर ठेवली.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. नणंदेने घेतला.

“ताप उतरला, थोडं जेवले. पण सारखं विचारतायत, डॉक्टरीणबाई गप्प झाल्या का? फार रडत होत्या बिचाऱ्या.”