कमी हवेचे टायर

धंतोलीत वकीलसाहेबांचा बंगला होता. आमचे हे त्यांची मोटार चालवत. मागे गॅरेजला लागून एक खोली होती, तिच्यात आम्ही राहायचो. मी साहेबांच्या आईच्या पाठीला तेल लावायची आणि धान्य निवडून द्यायची. सगळे त्यांना माई म्हणत. यांची नोकरी होती तोवर ती खोली आमची होती. ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नसे, पण मला ती उठता-बसता ठाऊक असे.

माईंचं सावनेरच्या पुढे शेत होतं. दर गुरुवारी त्या मोटारीनं शेतावर जायच्या. भाकर बांधून घ्यायच्या, दिवसभर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसायच्या, मजुरांशी भांडायच्या आणि संध्याकाळी अगदी खूश होऊन परत यायच्या. साहेबांना ते शेत नको होतं. ते हसत हसत म्हणायचे, "आई, तुझी कंबर दुखली असं एकदा जरी कळलं, तरी त्याच दिवशी तुझं शेत बंद."

कंबर तर कधीचीच दुखत होती. ते मला ठाऊक होतं, कारण माझा हात रोज तिच्यावर फिरायचा. मणक्याच्या खालच्या बाजूला बोट लागलं तरी माई श्वास रोखून धरत.

सावनेरचा रस्ता कोळशाच्या ट्रकांनी पार उखडून टाकला होता. एका गुरुवारी निघताना माईंनी यांना जवळ बोलावलं. मी डबा द्यायला तिथंच उभी होते.

"बाबू, चाकातली हवा थोडी कमी कर गा. दगडावरून फरफटत नेऊन राहिला असं वाटते मले."

"हवा कमी केली त रस्ता टायर खाते, माई."

"खाऊ दे. टायर बाजारात भेटते. कंबर भेटते काय?" मग आवाज खाली करून म्हणाल्या, "अन् साहेबाले सांगू नको. तुले माही आण आहे."

यांनी चारही चाकांची थोडी थोडी हवा सोडली. त्या दिवशी माई परत आल्या त्या स्वतःच दार उघडून उतरल्या.

सुरुवातीला हे परत आल्यावर हवा पुन्हा भरून ठेवत. पेट्रोल पंपावरचं हवेचं यंत्र बरेचदा बंदच असे. मग घरी पायपंप घेऊन बसायचं. एकेका चाकाला धाप लागेपर्यंत पंप मारावा लागे. दुसऱ्या दिवशी माईंना देवळात जायचं असलं की पुन्हा हवा सोडायची. हळूहळू यांनी भरणं सोडून दिलं. कमी हवेच्या गाडीचं चाक वळवायला जड जातं. संध्याकाळी यांचे खांदे भरून यायचे. माईंच्या पाठीचं तेल उरलं असलं तर मी तेच यांच्या खांद्याला लावायची. दोघांतही बोलण्याइतका जीव राहत नसे.

टायर लवकर गेले. नवे घातले, तेही गेले. तेव्हा साहेब स्वतः मोटार घेऊन सीताबर्डीला टायरवाल्याकडे गेले. यांना बाजूला बसवलं होतं. टायरवाल्यानं टायरावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बीच में तो पूरा माल है, साहब. दोनों किनारे साफ. गाडी कम हवा में चली है."

घरी आल्यावर साहेब अंगणातच सुरू झाले. मी मोरीपाशी भांडी घासत होते.

"इतकी वर्षं गाडी चालवतोस आणि हवा भरायचं कळत नाही तुला? की माझ्या पाठीमागे कोंबून सवाऱ्या नेतोस?"

"चुकलं, साहेब," हे म्हणाले.

"चुकलं म्हणजे काय ते सांग ना!"

हे पायपंप घेऊन चाकापाशी बसले.

दोन-तीन दिवसांत साहेबांच्या मुनशीचा साळा येऊन गेला. त्यालाही मोटार चालवता येत होती. त्यानं मोटारीभोवती चक्कर मारली, मग आमच्या दारातून आत डोकावला आणि मला विचारलं, "खोलीत पाणी येते काय, वहिनी?" मी पदर पुढे ओढला आणि मान हलवली. काय हलवली, हो की नाही, ते मलाच कळलं नाही.

त्या संध्याकाळी मी यांना म्हटलं, "सांगून काहून देत नाही तुम्ही?"

"आण घातली न वं त्यांनी."

"अन् आपण कुठं जायचं?"

"मंग तू सांग." हे जरासे हसले. "तू त साहेबासमोर खोकलतही नाही."

खरंच होतं ते. साहेबांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पण माईंना तेल लावताना त्या पालथ्या झोपलेल्या असत, त्यांचं तोंड दिसत नसे, त्यामुळे तिथं मला बोलता यायचं. दुसऱ्या दिवशी मी तेल गरम करून नेलं, बराच वेळ पाठ चोळली आणि मग म्हणाले, "माई, दुसरा ड्रायव्हर पाहून गेला."

"कोणाच्या जागी?"

"यांच्या."

"टायरापायी?"

"हो."

माईंनी उशी सरकवून मान दुसरीकडे वळवली. म्हणाल्या, "जोरानं दाब वं. तेल थंड होऊन राहिलं."

एवढंच. मला वाटलं, झालं, मोठ्या लोकांना काय. घरी येऊन मी फळीवरची भांडी पाहत बसले, कोणती न्यायची, कोणती विकायची. उठून स्वयंपाक करावा असंही वाटेना.

गुरुवार आला. मोटारीला नवे टायर लागले होते. हे पंप हातात घेऊन उभे होते. हवा ठेवावी की सोडावी ते त्यांना समजत नव्हतं. साहेब व्हरांड्यात कागद वाचत होते. माई भाकरीचं फडकं घेऊन बाहेर आल्या, मोटारीच्या दारावर हात ठेवला आणि तशाच थांबल्या.

"मी नाही जात आज."

साहेबांनी चष्मा काढला. "का गं?"

"कंटाळा आला रे बाप्पा. तेच वावर, तेच ढेकळं. ठोक्यानं देऊन टाक कोणाले, वर्षाचे पैसे घे अन् मोकळा हो."

"मी कधीपासून हेच सांगतोय!" साहेब एवढे खूश झाले की कागद तिथंच ठेवून उठले.

"अन् या बाबूले काढू नको. याच्या हातची सवय झाली मले."

"बघू. हे टायर किती टिकतात ते बघू आधी."

माईंनी भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि आत गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

टायर टिकले. टिकणारच होते. पूर्ण हवा भरलेली मोटार कचेरी आणि घर यांच्यामध्ये डांबरावरून फिरत राहिली. पाहुणे आले की साहेब सांगायचे, "ड्रायव्हरला एकदा दम द्यावाच लागतो. बघा, टायर कसे चालतायत आता." हे तिथंच काच पुसत असायचे. खोली राहिली, नोकरी राहिली. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही, नुसता जीव भांड्यात पडला आणि तिथंच पडून राहिला.

माई आता गुरुवारीही घरीच असत. साहेब कधी कामानं सावनेरच्या कोर्टात गेले, की परत आल्यावर माई यांना खिडकीतून हाक मारत.

"बाबू, वावराकडून गेला होता काय गा?"

"गेलो होतो न माई. पराटी चांगली आहे. कापसाची बोंडं धरून राहिली."

माई खिडकीचा गज धरून ऐकत. बी न उगवून मधे नांगी पडली होती तिथं भरली काय, धुऱ्यावरची बोर तोडली तर नाही, असं एकेक विचारत. हे सगळ्याची उत्तरं देत.

एकदा मी यांना विचारलं, "साहेब तुम्हाले वावराकडं जाऊ देतात?"

"कोर्टातून सरळ घरी आणतात. वावर पाहिलं नाही मी तेव्हापासून."

"मंग खोटं काहून सांगता?"

हे सदरा काढून खुंटीला लावत होते. तसेच पाठमोरे म्हणाले, "मंग काय सांगू वं त्यांले? टायर चांगले आहेत म्हणून सांगू?"