पुढं चालण्याचा मान

भागोजी उतेकर नोकरीतून सुटला त्याला सहा वर्षं झाली, पण घंटा काही त्याच्या अंगातून सुटली नव्हती. पोलादपुरातल्या एका शाळेत त्यानं एकतीस वर्षं शिपाई म्हणून टोल दिले. आता ओट्यावर बसला की बरोबर पस्तीस मिनिटांनी तो उठायचा, अंगणात दोन फेऱ्या मारायचा आणि परत येऊन बसायचा. बायको, रखमा, म्हणायची, "तास संपला वाटतं." त्याला हसू यायचं नाही.

माघ उजाडला की मग तर बघायलाच नको. माघी पौर्णिमेला वाडी घाटजाईला जाते. देवी वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, दाट जंगलात. सावित्री नदीचं पात्र ओलांडायचं, कारवीच्या झुडपांतून चढायचं, हिरड्यांच्या सावलीतून वर निघायचं. गाडीरस्ता नाही आणि तो व्हावा असं वाडीत कुणाला वाटतही नाही. यात्रेचा कार्यक्रम भागोजी एका जुन्या वहीत लिहायचा. मुंबईकर किती, तांदूळ किती, नारळ कुणाच्या पिशवीत, निघायचं किती वाजता, पोचायचं किती वाजता. पोलादपूरला जाऊन बूथवरून मुंबईला फोन लावायचा आणि पलीकडच्याला बोलू न देता वही वाचून दाखवायचा.

पण २००४ सालच्या माघात वहीचं पान कोरं होतं. निघायची वेळ लिहायची, खोडायची, आठ दिवस हेच चाललं होतं.

कारण असं, की वाडी देवीला जाते ती उतेकरांच्या मागून. जंगलातली वाट पहिल्यांदा उतेकरांच्या कुण्या पूर्वजानं काढली, म्हणून पुढं चालायचा मान त्या घरचा. चढताना मानकऱ्याला कुणी ओलांडायचं नाही. ओलांडलं तर काय होतं हे कुणालाच माहीत नाही, कारण आजवर कुणी ओलांडलेलंच नाही. बाप गेला तेव्हा भागोजी सव्वीस वर्षांचा होता; थोरला भाऊ मुंबईला कामाला, म्हणून मान भागोजीकडे आला. तेव्हापासून अडतीस यात्रा तो पुढं चालला. शाळेत हेडमास्तरांपासून पोरांपर्यंत सगळे त्याला पाणी आण म्हणायचे, खुर्ची उचल म्हणायचे. वर्षातून एक दिवस मात्र शंभर माणसं त्याच्या पाठीकडे बघत चालायची. हा एक दिवस काढून घेतला असता तर भागोजीकडे सांगण्यासारखं फार काही उरलं नसतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

आता त्याचा उजवा गुडघा गेला होता. महाडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जिने चढू नका म्हणून सांगितलं. भागोजीच्या घराला जिनाच नव्हता, त्यामुळे तो खुशाल घरी आला. पण वाटेचं काय? तरणा असताना दोन तासांत चढणारा माणूस गेली काही वर्षं चार तास घेत होता. ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यानं जागोजागी थांबे लावले होते, तेही स्वतःच्या नावावर नाही. थोरल्या भावाची विधवा बायको प्रयागबाई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. दर चढणीला भागोजी मागं वळून म्हणायचा, "वयनी दमल्या. जरा बसूया." प्रयागबाई गुडघे धरून मुकाट्यानं खाली बसायची आणि मग सगळी रांग बसायची.

भागोजीला मूलबाळ नव्हतं. मानकऱ्याला चालवेना, तर मान पुतण्याकडे जाणार. पुतण्या पांडू, प्रयागबाईचाच मुलगा, महाडच्या एमआयडीसीत कामाला. पोरगा निर्व्यसनी आणि कष्टाळू. पावसाळ्याआधी न सांगता येऊन काकाची कौलं परतून जायचा. त्याच्यात खोट काढायला भागोजीनं पुष्कळ प्रयत्न केला होता, पण काही सापडलं नव्हतं, याचाच त्याला राग यायचा.

नवव्या दिवशी त्याला युक्ती सुचली. मारुतीच्या देवळात बैठक बसली तेव्हा त्यानं वही उघडली आणि जाहीर केलं, "या साली मी आदल्या दिवशी वर जातो. गव्यांनी देवळाचं आंगण तुडवलंय, साफ कराया हवं. तुमी सकाळी सहाला निघा, धाला पोचाल."

"आनि पुढं कोन?" कुणीतरी विचारलं.

"मीच. मानकरी पुढं पायजे. किती पुढं, ते कुठं सांगितलंय?"

त्याला वाटलं होतं, वाद होईल. निदान पांडू तरी काही बोलेल. पण सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. प्रयागबाई एवढंच म्हणाली, "जा, पन सावकाश जा." बैठक पाच मिनिटांत उठली. मनासारखं झालं होतं, तरी घरी येताना भागोजीनं वही उघडून ते पान पुन्हा वाचलं. इतक्या पटकन हो म्हणण्यासारखं काय होतं त्यात?

आदल्या दिवशी तो आणि रखमा सकाळी दहाला निघाले. तिनं तांदूळ, झाडू, दोन चादरी डोक्यावर घेतल्या. तो थांबला की ती थांबायची आणि उगाच पदर सारखा करत दुसरीकडे बघायची. एका हिरड्यावरून शेकरू बराच वेळ त्यांच्याकडे बघत होतं. देऊळ दिसलं तेव्हा साडेचार वाजले होते. साडेसहा तास.

सकाळी अंगण झाडून झालं. परत झाडून झालं. तीन दगडांची चूल मांडली, ती मोडून वाऱ्याच्या आडोशाला मांडली. अजून पावणेआठच वाजले होते. यायला सव्वादोन तास होते आणि भागोजीला बसवत नव्हतं. पुढं असून मागं कुणी नाही, हे कसलं चालणं? काल अख्खी वाट चढताना पाठीवर कुणाची नजर नव्हती. गुडघ्यापेक्षा तेच जास्त दुखलं होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी ढोल ऐकू आला. पलीकडच्या गावाचा असेल, असं त्याला वाटलं. मग कारवीतून पोरं पळत बाहेर आली, एकमेकांना ढकलत, खिदळत. त्यांच्या मागून खांद्यावर तांदळाची गोणी घेतलेला पांडू, आणि त्याच्या मागं, डोक्यावर नारळाची पाटी घेऊन, ताठ चालत, प्रयागबाई. तिला धापसुद्धा लागली नव्हती.

भागोजीनं घड्याळ कानाला लावलं. ते चालू होतं.

"सहालाच निघालात?"

"हां, काका. तुमीच सांगितलं व्हतं."

"कुठं कुठं थांबलात?"

"कुठं नाय," पांडू बोलून गेला, आणि चूक केल्यासारखा गोणीची गाठ बघू लागला.

भागोजी भावजयीकडे वळला. "वयनी, गुडघे कसे हायत?"

प्रयागबाईनं पाटी उतरवली. नारळ नीट होते, तरी तिनं एकेक करून पुन्हा रचले. "आज बरे हायत," ती खाली बघत म्हणाली.

भागोजी देवळाच्या पायरीवर बसला. त्याला आधी राग आला. एकानं तरी बोलायचं होतं. मग शरम वाटली, इतकी की रखमाकडेही बघवेना. आपण शंभर माणसांना वर नेतो, असं तो समजत होता. इतकी वर्षं ती शंभर माणसं पाय आखडून, त्याच्या मागं उभी राहत, त्याला वर आणत होती. आणि खाली उतरल्यावर वाडीत एक शब्द कुणी काढला नव्हता.

"तुला ठाऊक व्हतं?" त्यानं रखमाला हळूच विचारलं.

"समद्यांना ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तुमी कुनाला इचारलंत का कवा?"

नैवेद्य झाला. पहिला प्रसादाचा नारळ मानकऱ्याला द्यायची रीत. पांडू तो घेऊन आला आणि त्यानं वाकून पुढं केला. भागोजीनं घेतला आणि परत पांडूच्याच हातात ठेवला.

"तू पुढं हो."

"उतरताना कोनी बी पुढं चालतं, काका."

"उतरायचं नाय बोलत मी. पुढल्या माघात चढायचं बोलतोय."

पांडूनं नारळ या हातातून त्या हातात घेतला. मग तो म्हणाला, "तुमी संगं या. आमी हळू चालू. आईला बसायला लागतंच."

"नाय," भागोजी म्हणाला. "वयनीला आता बसवू नको. तू तुझ्या पायानं चाल. मी मागनं येतो, जेवनापर्यंत पोचंन."